1964 ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ स्वतंत्र मॉडेल म्हणून का विकली गेली नाही?
जनरल मोटर्स या आपल्या मालक कंपनीच्याच एका नियमातून वाट काढण्यासाठी पॉन्टिअ‍ॅकने 1964 मध्ये जीटीओ ही स्वतंत्र गाडी म्हणून न आणता टेम्पेस्ट ल मान्स या मॉडेलवरील जादा पैसे देऊन घेण्याचे पॅकेज म्हणून विकली. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असे कंपनीचे धोरण होते. मात्र ही मर्यादा मूळ मॉडेलला लागू असल्याचा अर्थ लावून मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या गाड्यांचे 389 घन इंचांचे व्ही-8 इंजिन सुमारे 295 डॉलरच्या या पॅकेजमध्ये दिले. त्याची ताकद 325 अश्वशक्ती होती आणि तीन कार्ब्युरेटरांची जोडणी घेतल्यास ती 348 पर्यंत जाई. विक्री विभागाने बिचकतच 5,000 गाड्यांना होकार दिला होता. पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या, तेव्हा नियमभंगाचा प्रश्न अर्थातच मागे पडला. 1966 पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली. नाव मात्र सरळ फेरारीच्या 250 जीटीओवरून उचललेले होते. तिला ‘पहिली मसल कार’ (साध्या गाडीत मोठे, ताकदवान इंजिन बसवलेली वेगवान अमेरिकन गाडी) म्हणण्याबाबत मतभेद आहेत, कारण काही जण तो मान 1949 च्या ओल्ड्समोबिल रॉकेट 88 ला देतात.