वस्तीतील शिक्षणाचे काम हा व्यवसाय होऊ शकतो का? भांडुपच्या एका वडिलांना उत्तर

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी काळजीपूर्वक वाचले. आपली कन्या मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने टेकडीवरच्या वस्तीत सुरू झालेल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात ती दोन वर्षे शिकवते आहे, आणि पदवीनंतर हेच काम पूर्ण वेळ करणार असे तिने घरी सांगितल्यापासून आपण अस्वस्थ आहात. आपल्या निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत, घराचे हप्ते चालू आहेत, आणि तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात अशी आपली इच्छा आहे. हा खरोखर व्यवसाय आहे की तरुण वयातला उत्साह, व्यवसाय असेल तर बी.एड. करावे की समाजकार्याची पदवी घ्यावी, आणि या कामावर मुंबईत माणसाचे भागते का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. नाव प्रसिद्ध न करण्याची आपली विनंती अर्थातच मान्य आहे.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट आहे. पत्रावरून मला असे जाणवले की हे काम म्हणजे त्याग, असे समजून आपण धास्तावला आहात, आणि आपली कन्याही बहुधा त्याग समजूनच त्याच्याकडे ओढली गेली आहे. शिक्षणाच्या आणि वस्तीच्या कामात वर्षानुवर्षे टिकून ज्यांनी खरा फरक घडवला, त्यांनी ते आधी कसब म्हणून आत्मसात केले, आणि आपल्यानंतर येणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण आणि मोबदला मिळेल अशी व्यवस्थाही उभी केली. केवळ कळवळ्याच्या बळावर उतरलेली मुले-मुली दोन-तीन वर्षांत थकून बाहेर पडताना मी पाहिली आहेत, आणि त्यात वस्तीतील मुलांचेही नुकसान होते, कारण सवयीची झालेली ताई एक दिवस यायचीच थांबते. म्हणून तिने हे काम करावे, पण शिकून करावे आणि पगार घेऊन करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिच्या कामातील एक गोष्ट आपण ओझरती लिहिली आहे. मला ती पत्रातील सर्वांत महत्त्वाची वाटली. पाचवीत गेलेल्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येत नाही, म्हणून ती त्यांचा गृहपाठ बाजूला ठेवून पुन्हा अक्षरओळखीपासून सुरुवात करते, आणि त्यावरून काही पालकांनी तक्रार केली. हा प्रश्न तिच्या वर्गापुरता नाही. २००५ पासून ग्रामीण भारतात होत आलेल्या ‘असर’ पाहणीत मुलांना अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चढत्या क्रमाने वाचायला देतात, आणि वरच्या इयत्तांत पोहोचलेल्या मुलांपैकी फार मोठ्या संख्येला दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे त्या पाहणीने पुन:पुन्हा दाखवून दिले आहे. ही पाहणी ज्या ‘प्रथम’ संस्थेतून पुढे आली, तिचे काम १९९५ मध्ये मुंबईच्याच वस्त्यांतील बालवाड्यांपासून सुरू झाले. वस्तीतीलच तरुण मुलींना प्रशिक्षण द्यायचे आणि मिळेल त्या जागेत वर्ग भरवायचा, अशी त्या बालवाड्यांची रीत होती. पुढे याच संस्थेने मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या आणि गणिताच्या पातळीनुसार करण्याची, दिवसातला ठरावीक वेळ त्यासाठी राखून ठेवण्याची आणि काही आठवड्यांनी पुन्हा पडताळणी करून गट बदलण्याची पद्धत विकसित केली, जी आज आफ्रिकेतील काही देशांतही वापरली जाते. आपल्या कन्येने जे अंदाजाने केले, ते मोजून, नोंदी ठेवून आणि तक्रार करणाऱ्या पालकांनाही पटवून कसे करायचे, याचे शास्त्र तयार आहे. ते शिकण्यासाठी तिला मुंबई सोडावी लागणार नाही.

मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक यांचे उदाहरण तिने बारकाईने अभ्यासावे असे मला वाटते. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाचे काम शिकायला गेल्या, आणि तो अनुभव गाठीशी बांधून १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली. आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळा भरवली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी देशभर पोहोचली. मूल शाळेत का येत नाही, हा प्रश्न ताराबाई आणि अनुताईंनी पालकांच्या माथी न मारता स्वत:च्या पद्धतीला विचारला, आणि असा प्रश्न विचारता येणे हेच माझ्या दृष्टीने या व्यवसायाचे मुख्य कसब आहे. १९८८ मध्ये निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयातील प्राध्यापिका रजनी परांजपे आणि त्यांची विद्यार्थिनी बीना शेठ लष्करी यांनी कफ परेडच्या वस्तीत ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केले, तेव्हाही शाळा मुलांच्या दारापर्यंत नेण्याचाच विचार त्यामागे होता.

आता आपल्याला ज्या प्रसंगाचा राग आला, त्याविषयी. जन्मदाखला नसल्यामुळे शाळेबाहेर राहिलेल्या एका मुलीला पालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून आपल्या कन्येने कॉलेज बुडवून मुख्याध्यापकांकडे खेटे घातले. कॉलेज बुडवणे योग्य नव्हते, हे मी मान्य करतो. परंतु १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि ज्या मुलाची शाळा सुटली आहे त्याला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. ती तरतूद तिला माहीत असती तर कदाचित एका लेखी अर्जात काम झाले असते. याच कायद्याने अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमायला सांगितले आहे, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वस्तीतील ज्या आयांशी तिचा रोजचा संबंध आहे, त्यांना या समितीत नुसते सहीपुरते न बसता शाळेच्या विकास आराखड्यावर बोलता यावे यासाठी तयार करणे, हे वर्गात शिकवण्याइतकेच मोलाचे आणि बहुधा त्याहून अवघड काम आहे.

लोकांना सोबत घेऊन हक्काची गोष्ट मिळवण्याची परंपरा या शहरात जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि चिकाटीने केलेल्या मागणीतून १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून सार्वजनिक कार्याचे क्षेत्र स्वीकारले, आणि गोरेगावच्या बायकांना पाण्यासाठी संघटित करता करता त्या नगरसेविका, आमदार आणि खासदार झाल्या. आपल्या कन्येने निवडणूक लढवावी असे मी सुचवत नाही. पण यादी करणे, अर्ज लिहिणे, कोणत्या कार्यालयात कोणाला भेटायचे हे जाणणे, बैठकीत गप्प बसणाऱ्या बाईला बोलते करणे आणि शेवटपर्यंत पाठपुरावा ठेवणे ही नेतृत्वाची कौशल्ये आहेत आणि ती शिकता येतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच दडलेले आहे. मुलांना रोज, एका वर्गात, वर्षानुवर्षे शिकवण्यात तिचे मन सर्वाधिक रमत असेल तर तिने दोन वर्षांचे बी.एड. करावे आणि त्यासाठी राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेची तयारी करावी. मात्र मानसशास्त्र हा माध्यमिक शाळेतील मुख्य विषय नसल्यामुळे अध्यापन पद्धतीचे कोणते विषय तिला मिळतील आणि त्या आधारे कोणत्या पदांसाठी ती पात्र ठरेल, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारून घेणे अत्यावश्यक आहे. पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे, त्यामुळे लहान मुलांनाच शिकवायचे असेल तर डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका हा मार्ग आहे. त्यापुढे शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी, नंतर शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि राज्याच्या ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरील भरती असे टप्पे आहेत, आणि भरतीची वाट पाहण्यात काळ जातो हे लक्षात ठेवावे.

तिच्याविषयी आपण जे लिहिले आहे त्यावरून माझा कल समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीकडे, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.कडे आहे. गैरहजर मुलाच्या घरी जाणे, आईशी बोलणे, शाळेशी भांडण न करता प्रवेश मिळवणे, या गोष्टी तिला आपसूक सुचतात. १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झालेली आणि आता देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था आणि १९५५ पासून चर्चगेट परिसरात असलेले निर्मला निकेतन ही दोन्ही केंद्रे भांडुपहून रोज जाऊन-येऊन करण्याजोगी आहेत. या अभ्यासक्रमात वर्गातील शिक्षणाइतकेच क्षेत्रकार्याला महत्त्व असते आणि त्यावर अनुभवी व्यक्तीची देखरेख असते, ही बाब मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण आज ती एकटीच चुकत-शिकत आहे.

पगाराविषयी मी आपल्याला गोड चित्र दाखवणार नाही. राज्यात नव्याने नेमलेल्या शिक्षकाला, म्हणजे शिक्षणसेवकाला, पहिली तीन वर्षे मानधन मिळते. २०२३ मध्ये ते प्राथमिकसाठी १६,००० आणि माध्यमिकसाठी १८,००० रुपये करण्यात आले, आणि ती तीन वर्षे झाल्यावरच नियमित वेतनश्रेणी लागू होते. स्वयंसेवी संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार बहुधा बँकेतील नोकरीपेक्षा कमी असतो आणि तो प्रकल्पाला बांधलेला असतो. कंपन्यांना नफ्याचा काही भाग सामाजिक कामावर खर्च करण्याची तरतूद एप्रिल २०१४ पासून लागू झाल्यावर शिक्षणक्षेत्रातील पगारी पदे वाढली खरी, पण देणगीदाराने निधी थांबवला की ती पदे संपतात. म्हणून मुलाखतीत तिने संकोच न करता विचारावे की प्रकल्पाचा निधी कधीपर्यंत आहे, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, नियुक्तिपत्र किती महिन्यांचे आहे, आणि गेल्या तीन वर्षांत या पदावरील किती जण सोडून गेले. जी संस्था वस्तीतील लोकांच्या हक्कांविषयी बोलते, तिने आपल्या कर्मचाऱ्यांच्या हक्कांविषयीही उत्तर दिले पाहिजे. अनुभव आणि पदवी दोन्ही असलेल्या व्यक्तीला पुढे समन्वयक, प्रशिक्षक किंवा कार्यक्रम व्यवस्थापक अशी पदे मिळतात, आणि तेथे मुंबईत राहण्यापुरते स्थैर्य येते. सरकारी रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक आणि बालविकास प्रकल्प अधिकारी ही पदे भरतीच्या जाहिरातींत पाहत राहावीत.

माझी सूचना अशी आहे की पदवीनंतर तिने लगेच कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश न घेता एक वर्ष एखाद्या शिक्षणसंस्थेत पूर्ण वेळ, पगारी काम करावे. पगारातील ठरलेली रक्कम तिने दरमहा घरात द्यावी, म्हणजे या कामावर किती भागते हे आपल्याला आणि तिलाही आकड्यांत दिसेल. त्या वर्षात बँकेचे दार बंद होत नाही, कारण बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या लिपिकपदाची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी २८ आणि प्रोबेशनरी ऑफिसरची ३० वर्षे आहे. वर्ष संपताना तिचे मन ठाम असेल तर समाजकार्याच्या प्रवेशाला तिचा अनुभव जमेची बाजू ठरेल, आणि मन बदलले तर तिला परतण्याची लाज वाटू नये असे वातावरण घरात ठेवणे आपल्या हाती आहे.

ती संध्याकाळी वस्तीत एकटी फिरते ही आपली चिंता रास्त आहे. चांगल्या संस्थेत गृहभेटी दोघींनी मिळून केल्या जातात, कार्यकर्ती कोठे आहे याची नोंद असते, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने आवश्यक आहे. ही व्यवस्था नसेल तेथे तिने रुजू होऊ नये, आणि सध्याच्या अभ्यासवर्गातही तिने आजपासून एका सहकारी मैत्रिणीसोबतच जावे.

तिच्या वर्गातील प्रत्येक मुलाची वाचनाची आजची पातळी तिने या महिन्यात लिहून काढावी आणि परीक्षेनंतर पुन्हा तपासावी. त्या दोन्ही नोंदी घेऊन ती आणि आपण दोघेही मला भेटायला या. कोणत्या संस्थांकडे अर्ज करायचा हे आपण त्या कागदांवरून ठरवू.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
करिअर समुपदेशक, दादर, मुंबई