रोज रात्री आईच्या तक्रारी ऐकून मन थकतं. नातं न तोडता स्वतःला कसं जपायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नोकरीसाठी पुण्यात, आईबाबा आणि दादा-वहिनी गावी. रोज रात्री साडेनऊला आईचा फोन येतो आणि वहिनी, बाबा, मावशी, शेजारीण अशा सगळ्यांबद्दलचं गाऱ्हाणं पाऊण तास चालतं. फोन ठेवल्यावर तुम्हाला झोप लागत नाही, सकाळी कामात लक्ष नसतं. 'नकारात्मक माणसांपासून चार हात लांब राहा' असं सगळे सांगतात, पण आईपासून कसं राहायचं? शिवाय ऑफिसातही डबा खाताना असाच एक कुरकुरणारा सहकारी शेजारी बसतो.

लांब राहण्याचा सल्ला आधी बाजूला ठेवा. तो देणाऱ्यांना तुमच्या घरच्या गणपतीला जायचं नसतं. आणि कुणी 'निंदकाचे घर असावे शेजारी' ऐकवलंच, तर त्यातही घर शेजारी असावं असं म्हटलंय, उशाशी नाही.

माझ्या मते तुमचं खरं नुकसान त्या पाऊण तासात थोडं आणि फोन ठेवल्यानंतरच्या दोन तासांत जास्त होतं. आई बोलून मोकळी होते, कदाचित गाढ झोपतेही. तुम्ही मात्र अंधारात पडून वहिनीला मनातल्या मनात उत्तरं देत राहता, बाबांना समजावता, दादाला सुनावता. म्हणून फोन कधी, किती वेळ आणि कसा संपतो, यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या.

वेळेपासून सुरुवात करू. रात्री साडेनऊ ही सगळ्यात वाईट वेळ आहे, कारण त्यानंतर मन गुंतवायला काही उरत नाही. समोर फक्त छत. फोन संध्याकाळी सात-साडेसातला आणा आणि तो तुम्ही करा. आईच्या फोनची वाट बघत धास्तावून बसणं आणि स्वतः नंबर लावणं यात फरक पडतो. फोन उचलल्या उचलल्या सांगायचं, 'आई, वीस मिनिटं आहेत माझ्याकडे, मग स्वयंपाकाला लागते.' हे सुरुवातीलाच सांगायचं. तक्रार ऐन रंगात आल्यावर 'मला जायचंय' म्हटलं की तिला तोडल्यासारखंच वाटणार.

वीस मिनिटं मोजायला घड्याळापेक्षा हाताला काम बरं. फोन स्पीकरवर टाका आणि मेथीची जुडी घेऊन बसा. पानं खुडायची, कोवळे देठ पानांत, जून देठ कागदावर. साधारण एक जुडी संपते तेवढाच फोन. यात दोन फायदे आहेत. बसल्या जागी श्वास कोंडून, फोन कानाला घट्ट दाबून ऐकण्यात जो ताण येतो तो येत नाही. आणि आई हमखास विचारते, 'काय करतेस गं?' मग मेथी केवढ्याला मिळाली, त्यात लसूण जास्त घालायचा की मूगडाळ, यात पाच मिनिटं सहज जातात. तिलाही कधीतरी तक्रारीपलीकडचं काही विचारलं गेलेलं हवं असतं. निवडायला भाजी नसेल तर कपड्यांच्या घड्या घाला किंवा चालायला जा. पण मोबाईलवर दुसरं काही बघत ऐकू नका. तिला ते लगेच कळतं आणि तक्रारींच्या यादीत तुमचीही भर पडते.

आता बोलण्यात काय बदलायचं ते. समजा आई म्हणाली, 'वहिनीने आज चहासुद्धा विचारला नाही.' यावर आपल्या तोंडून सहसा तीनांपैकी एक निघतं: 'ती आहेच तशी', 'तू मनाला लावून घेऊ नकोस' किंवा 'मग तूच करून घ्यायचास'. पहिल्याने आगीत तेल पडतं. शिवाय उद्या 'ताईसुद्धा तेच म्हणाली' असं तुमच्या नावाने वहिनीपर्यंत पोचतं आणि तुम्ही न मागता वादी होता. दुसऱ्याने आईला वाटतं की हिला काही कळलंच नाही, म्हणून ती तेच आणखी तपशिलात सांगते. तिसरा सल्ला झाला, आणि सल्ल्याला उत्तर येतं 'हो, पण…'. अमेरिकेत काम केलेल्या एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञाने या 'हो, पण'ला खेळच म्हटलं होतं: समोरचा उपाय सुचवत राहतो, सांगणारा प्रत्येक उपाय खोडून काढतो आणि शेवटी दोघं दमतात. दुसरा 'हो, पण' ऐकू आला की सल्ला देणं थांबवा.

त्याऐवजी तिच्या भावनेला नाव द्या आणि वहिनीबद्दल निकाल देऊ नका. 'तुला एकटं वाटलं ना त्या वेळी.' एवढंच. मग एक प्रश्न: 'यात मी काही करू का, की नुसतं ऐकू?' बहुतेक वेळा उत्तर 'तू काय करणार, सांगितलं आपलं' असंच येतं, आणि ते तुमच्यासाठी सुटकेचं पत्र असतं. आईने स्वतःच तुम्हाला जबाबदारीतून मोकळं केलेलं असतं. 'मग काय झालं?', 'ती काय म्हणाली?' हे प्रश्न मात्र कटाक्षाने टाळा. मालिकेचा पुढचा भाग त्यानेच सुरू होतो. आणि खरंच वहिनीशी बोलायची गोष्ट असेल तर 'हे तू तिलाच सांग, मी मध्ये आले तर बिघडेल' असं म्हणा. दोघांमधला ताण तिसऱ्याच्या गळ्यात पडतो, याला कुटुंबोपचारात त्रिकोण म्हणतात. या त्रिकोणात लांब राहणारी मुलगी हा फार सोयीचा कोपरा असतो.

ऐकताना शरीराकडेही लक्ष असू द्या. समोरच्याचा चेहरा, आवाजाची पट्टी, बोलण्याचा वेग यांची आपण नकळत नक्कल करतो आणि त्या नकलेतून मूडही उतरतो. मानसशास्त्रज्ञ एलेन हॅटफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या भावनिक संसर्गावर सविस्तर लिहिलं. फोनवर चेहरा दिसत नाही, पण आवाज पुरतो. आईचा आवाज रडवेला झाला की तुमचाही खाली जातो, खांदे वर येतात, दात आवळले जातात. हे जाणवलं की खांदे सोडा, जीभ टाळूपासून सोडवा, आणि ४ आकडे श्वास आत, ६ आकडे बाहेर असं दहा-बारा वेळा करा. आई बोलत असतानाही हे होतं. श्वास बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाची गती खाली यायला मदत होते. जोरजोरात खोल श्वास घेतले तर उलट गरगरतं.

फोन ठेवताना शेवट ठरलेला हवा. 'बरं, जुडी झाली माझी. उद्या सातला करते. औषध घे.' उद्याची वेळ सांगणं महत्त्वाचं, त्याने तिला आधार मिळतो.

आता ते दोन तास. फोननंतर लगेच उठून काहीतरी अंगाचं करा: भाजी फोडणीला टाका, जिना उतरून कोथिंबीर घेऊन या. मग एका ओळीत लिहा, फक्त एका: 'मला आत्ता राग आलाय' किंवा 'मला अपराधी वाटतंय'. भावनेला शब्द दिला की तिची धार थोडी उतरते, हे मेंदूच्या चाचण्यांतही दिसलं आहे. मेंदू-संशोधक मॅथ्यू लिबरमन यांचा २००७ चा अभ्यास त्यासाठी ओळखला जातो. त्या ओळीखाली लिहा, यातलं माझ्या हातात काय. बाबांच्या तपासणीची वेळ घेणं हातात असेल, ते आजच करा. वहिनीचा स्वभाव हातात नाही, तो तिथेच ठेवा. पानंच्या पानं लिहू नका. रोज रोज लिहिलं की तेही चघळणंच होतं.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. आईचं सगळं ऐकून झालं की तेच नवऱ्याला, मैत्रिणीला किंवा रूममेटला शब्दशः ऐकवतात. मन हलकं होतं असं वाटतं, पण तीच भांडी दोनदा घासल्यासारखं होतं. अमांडा रोज या संशोधिकेने २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीत हे पाहिलं: अडचणी पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्या मैत्रिणी एकमेकींच्या जास्त जवळ येतात, पण त्यांच्यात उदासीची लक्षणंही जास्त दिसतात. मोठ्यांनाही हे सहज लागू पडावं. सांगायचंच असेल तर पाच मिनिटं, आणि 'आई काय म्हणाली' यापेक्षा 'मला काय झालं' हे सांगा.

हे सगळं करूनही टोचत राहील ते वेगळंच असेल: 'आई दुःखी असताना मी मजेत राहणं म्हणजे स्वार्थ.' हे वाक्य काढल्याशिवाय मेथीही उपयोगाची नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली आणि आपल्याकडे मानसोपचारक कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रास देणारा विचार तपासून बदलण्याची रीत, इथे कामी येते. त्यात इच्छा आणि हट्ट वेगळे करतात. 'आईने सुखात असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे' ही इच्छा. 'ती सुखात असलीच पाहिजे, नाहीतर मी वाईट मुलगी' हा हट्ट. स्वतःला विचारा: मी रात्रभर जागले तर वहिनी उद्या चहा विचारणार आहे का? इच्छेने वाईट वाटतं, पण माणूस झोपू शकतो. हट्टाने अपराधीपण येतं, आणि त्यातूनच रात्री साडेनऊचा फोन नाकारता येत नाही.

पहिले पंधरा दिवस बिघडणार, हे धरून चाला. 'आता तुला आईसाठी वेळ नाही', 'लग्नानंतर तर विसरूनच जाशील', फुगून बसणं, बाबांकडून निरोप, हे सगळं येईल. सवयीचा प्रतिसाद बंद झाला की मागणी आधी वाढते आणि मग उतरते. यावर स्वतःची बाजू मांडू नका, हिशेब काढू नका. 'वेळ आहे ना, उद्या सातला', इतकंच. सगळ्यात घातक म्हणजे चार दिवस पाळून पाचव्या रात्री दीड तास बोलणं. मग आईला कळतं की पुरेसा जोर लावला की दार उघडतं.

काही गोष्टींना ही वीस मिनिटं लावू नका. आईचं जेवण कमी झालंय, पहाटे तीनला जाग येते, देवपूजेत किंवा नातवंडात मन रमत नाही, सतत अंग दुखतं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलंय, तर ती कुरकुर नसून नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना दाखवा, थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगतील. 'जगून काय करू' असं म्हणाली तर फोन ठेवू नका, सरळ विचारा की मरणाचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार पेरले जात नाहीत. घरात कुणाला तरी तिच्याजवळ बसायला सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. आणि वहिनी किंवा बाबांच्या बाबतीतली तक्रार शिवीगाळ, मारहाण, पैसे अडवणं अशी असेल तर ते गाऱ्हाणं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो, आणि १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.

ऑफिसातल्या सहकाऱ्याचं सोपं आहे, कारण तिथे गणपती नाही. डबा खाताना टेबलावर तिसरं माणूस आणा. दोघांत रंगणारी कुरकुर तिघांत तितकी रंगत नाही. तो सुरू झाला की 'मग साहेबांना मेल टाकतोस का? मी वाचून देते' एवढं म्हणा. खरी अडचण असेल तर मेल जाईल, नसेल तर विषय बदलेल. त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप कायमचा म्यूट करून संग्रहात टाका. बाहेर पडलात तरी आता फक्त ॲडमिनला सूचना जाते, पण बहुधा तो ॲडमिन तोच असेल.