कर्नलमधलं मेमरी करप्शन: आधी स्लबचे बाइट वाचा

तुमचा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लोड केला की मशीन काही तासांनी कोसळतं आणि स्टॅक ट्रेस (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची यादी) दरवेळी नवा निघतो, कधी एक्स्ट४ फाइल सिस्टिम, कधी पाइप, कधी टीसीपी. म्हणून तुम्ही एक्स्ट४चा कोड वाचायला घेतला आहे. कृपया थांबा, हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं झालं. केमॅलॉक-६४ मध्ये, म्हणजे ६४ बाइटपर्यंतच्या ऑब्जेक्टच्या सामायिक साठ्यात (कॅशमध्ये), कर्नलच्या सगळ्या भागांचे छोटे ऑब्जेक्ट शेजारी शेजारी असतात. तुमच्या ड्रायव्हरने हद्दीबाहेर लिहिलं, तर शेजारचा ऑब्जेक्ट बिघडतो, आणि पुढे कधीतरी जो तो वापरायला जातो त्याच्या नावावर क्रॅश लागतो.

कर्नल पुन्हा बिल्ड करण्याआधी एक गोष्ट करा. बहुतेक डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये स्लबची, म्हणजे छोटे ऑब्जेक्ट वाटणाऱ्या यंत्रणेची, डीबग सोय आधीच कंपाइल केलेली असते, फक्त बंद असते. बूट कमांड लाइनवर ‘स्लब_डीबग=’ पुढे एफ, झेड, पी, यू ही अक्षरं द्या (अर्थात रोमन लिपीत). अनुक्रमे तपासण्या, रेडझोन (ऑब्जेक्टच्या कडेची राखीव पट्टी), पॉइझन (जागेत ठरावीक बाइट भरून ठेवणं), आणि ऑब्जेक्ट कोणी घेतला-सोडला याची नोंद. मशीन बऱ्यापैकी मंदावेल, मेमरीही जास्त लागेल. एकदा कॅश कळली की स्वल्पविराम देऊन तिचंच नाव टाका, बाकीचा भार जाईल.

आता खरं काम, म्हणजे बाइट वाचणं. मोकळ्या केलेल्या ऑब्जेक्टमध्ये ६बी (हे बाइट हेक्साडेसिमलमध्ये आहेत) भरलेलं असतं, शेवटचा बाइट ए५. घेतलेल्या पण अजून न भरलेल्या जागेत ५ए. रेडझोनमध्ये ऑब्जेक्ट वापरात असेल तर सीसी, नसेल तर बीबी. ऊप्समध्ये, म्हणजे कर्नलच्या क्रॅश रिपोर्टमध्ये, ६बी६बी६बी… असा पत्ता दिसला, की कोणीतरी मोकळ्या मेमरीतून पॉइंटर उचलला आहे. एक्स८६-६४ वर तो वैध पत्ताच नसल्यामुळे पेज फॉल्ट न येता जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. पत्त्याच्या शेवटी ६बी ऐवजी ८३ असेल तर फरक दशमानात २४ चा, म्हणजे स्ट्रक्चरमध्ये २४ व्या ऑफसेटचं फील्ड. ते कुठलं, हे स्ट्रक्चरची मांडणी छापणारं पाहोल हे साधन दाखवतं.

‘पॉइझन ओव्हररिटन’ आलं आणि ओळीत फक्त एक ६बी बदलून ६ए झाला असेल, तर बहुधा फ्री झाल्यानंतर कोणीतरी काउंटर एकने कमी केला आहे. उशिरा झालेला रेफरन्स पुट (वापर संपला म्हणून काउंटर कमी करणं) मी आधी तपासतो. मात्र दरवेळी भलत्याच ठिकाणी एकच बिट पलटलेला दिसत असेल तर मेमटेस्ट चालवा, रॅम खराब असू शकते.

तुमच्या बाबतीत माझा संशय डीएमएवर, म्हणजे कार्ड सीपीयूला वगळून थेट मेमरीत लिहितं त्यावर, आहे. पॉइझनच्या मधोमध मॅक अ‍ॅड्रेस किंवा पॅकेटचा मजकूर दिसला, तर कार्ड थांबवायच्या आधीच ड्रायव्हरने बफर सोडून दिले आहेत. इथे केएसॅन हा कर्नलचा मेमरी-चुका शोधक उपयोगी पडत नाही. कंपायलरने घातलेल्या तपासण्या सीपीयूच्या वाचण्या-लिहिण्यावर असतात, कार्डाचं लिखाण त्यांना दिसतच नाही. पॉइझन मात्र कोणीही बिघडवलं तरी बिघडलेलं दिसतं. बफर थेट पेजमधून घेतले असतील तर ते स्लबच्या कक्षेत येत नाहीत, तेव्हा बूट कमांड लाइनवर ‘पेज_पॉइझन=१’ जोडा.

एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. स्लब तपासतो तो ऑब्जेक्ट घेताना किंवा सोडताना, बिघाड घडताना नव्हे. त्यामुळे रिपोर्टमधला स्टॅक पुन्हा निरपराध माणसाचा असू शकतो. पॉइझन बिघडलं असेल तर ‘फ्रीड इन’ खालच्या ओळी बघा, रेडझोन बिघडला असेल तर ‘अ‍ॅलोकेटेड इन’ खालच्या. वेळ आवळायची असेल तर सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणारी जागा) त्या कॅशच्या ‘व्हॅलिडेट’ फाइलमध्ये १ लिहा. ड्रायव्हरच्या प्रत्येक टप्प्यानंतर लिहीत गेलात की बिघाड कुठल्या दोन टप्प्यांमध्ये होतो ते कळतं.

डीएमए नाही असं दिसलं, तर केएसॅनचा बिल्ड करा. २०१५ पासून, म्हणजे ४.० पासून तो मुख्य कर्नलमध्ये आहे. दर ८ बाइटमागे १ बाइट शॅडो (तपासणीच्या नोंदीची मेमरी) लागतो, पण चुकीचं लिखाण जिथे होतं तिथेच पकडतो. ड्रायव्हरही त्याच कॉन्फिगने कंपाइल व्हायला हवा. ग्राहकाच्या मशीनवर हे परवडणार नाही, तिथे ५.१२ पासूनचा केफेन्स हा हलका शोधक चालतो. तो अधूनमधून एखादाच ऑब्जेक्ट गार्ड पेजला (हात लावताच फॉल्ट देणाऱ्या पेजला) लावून ठेवतो, म्हणून पुष्कळ मशीनं आणि सबुरी लागते.

रिपोर्ट आला की ‘बग केमॅलॉक’ या ओळीपासून शेवटच्या ‘फिक्स’ ओळीपर्यंत न कापता पाठवा, आणि ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शनही. कार्ड बंद करणं आणि बफरांची रिंग मोकळी करणं यांचा क्रम मला बघायचा आहे.