कॅसिनोच्या दारात कोणाला अडवतात?

प्रश्न : सिंगापूर आणि मलेशिया सख्खे शेजारी. मग कॅसिनोचे नियम इतके वेगळे कसे?

उत्तर : मलेशियात कायदेशीर कॅसिनो एकच, गेंटिंग हायलँड्सचा. तिथे मुस्लिमांना प्रवेश नाही. सिंगापूरने २०१० मध्ये दोन कॅसिनो सुरू होऊ दिले, पण अडवलं आपल्याच लोकांना. परदेशी पर्यटक फुकट आत जातो. नागरिकाला आणि कायम रहिवाशाला २४ तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात, वर्षासाठी ३०००. पैसेवाल्याला याची झळ ती काय! मला मोलाची वाटते दुसरीच तरतूद. पत्त्यांपायी माझ्या मामीच्या पाटल्या गेल्या, शेवटी मंगळसूत्रही. तिचं ऐकणारं कोणी नव्हतं. सिंगापुरात बायको, मुलं, आईवडील अर्ज करून अशा जुगारी माणसावर कॅसिनोबंदी आणू शकतात.