भेकर आणि प्रदूषण खाणारा जिवाणू यांची तुलना करता येईल का? दोघांत प्रगत कोण?

भाऊ, "प्रगत कोण" हे आधी बाजूला ठेवू. मी रावेर तालुक्यातला केळीवाला, कधीकाळी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलेला, तेवढ्या भांडवलावर बोलतो.

सातपुड्याच्या पायथ्याला भेकर, म्हणजे ते छोटं हरीण, दिसतं कमी, ऐकू जास्त येतं. नवख्याला वाटतं, रानात कुत्रं भुंकतंय. पण त्याची खरी गंमत पेशीत आहे. मादीत गुणसूत्रं अवघी 6, नरात 7. सस्तन प्राण्यांत याहून कमी आजवर कुणात सापडलेली नाहीत. त्याच्याच भाऊबंदांतल्या चिनी भेकरात मात्र 46, म्हणजे माणसाइतकी! मग आपल्या भेकराचा डीएनए गेला कुठे? कुठेच नाही. जुनी गुणसूत्रं एकमेकांना जुळून लांबलचक झाली. वाटण्या झालेल्या वावरांचे बांध मोडले, जमीन जवळपास तेवढीच राहिली. म्हणून गुणसूत्रं मोजून कुणाला प्रगत ठरवू नका.

तुमचा जिवाणू, स्युडोमोनास प्युटिडा, याचं एकच गोल गुणसूत्र. डीएनएच्या सुमारे 62 लाख अक्षरांचं. भेकराची अक्षरं अब्जांत जातात. पण याच्याकडे एक सोय आहे जी भेकराला नाही. टोल्युइनसारखं विषारी द्रव्य पचवायची जनुकं याच्या काही वाणांत प्लाझमिड नावाच्या सुट्या कड्यावर असतात, आणि ते कडं शेजारच्या जिवाणूला देता येतं. शेजारणीकडून विरजण आणावं तसं. भेकराला जे मिळायचं ते आईबापाकडूनच, तेही जन्मताना एकदाच.

याच सोयीवर आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत अशी वेगवेगळी प्लाझमिडं एकाच स्युडोमोनासमध्ये आणून खनिज तेलातले घटक खाणारा जिवाणू घडवला. त्याच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1980 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला.

साम्य विचाराल तर एक सांगतो. भेकराला पाल्यातलं सेल्युलोज स्वतः पचवता येत नाही, ते काम पोटातले सूक्ष्मजीव करतात. अर्थात ते बिनहवेत जगणारे, प्युटिडाला हवा लागते.

आणि कृषी केंद्रात केळीच्या मर रोगावर स्युडोमोनास म्हणून जी बाटली मिळते, ती बहुधा फ्लुरोसन्स, याची चुलत बहीण. ती बुरशीसाठी आहे. मोटारीचं ऑइल सांडलेल्या जागी ओतून पाहू नका; आमच्या गड्याने पाहिलंय, बाटली वाया गेली.