आत वळलेला कोपराही मोजायचा

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. गृहपाठात इंग्रजी 'एल' अक्षरासारखी जाड आकृती होती आणि 'बहुभुज ओळखा' असं विचारलं होतं. तिनं 'पंचकोन' लिहिलं, कारण तिला कोन पाचच दिसले. उत्तरांत 'षटकोन' आहे. मला दोन्ही पटत नाही. षटकोन म्हटला की मधाच्या पोळ्यातला कप्पा डोळ्यांपुढे येतो, ही वाकडी आकृती त्यात कशी बसणार? आणि पाच टोकांच्या चांदणीला काय म्हणायचं?
– एक पालक

उत्तर : षटकोनच. तुमच्या मुलीनं कुठला कोन सोडला तेही सांगतो. दोन पट्ट्या मिळतात तिथला, आत वळलेला. मी वर्गात शिकवायचो तेव्हा दरवर्षी निम्मी मुलं नेमका हाच कोन गाळायची, कारण तो टोकासारखा बाहेर येत नाही.

तिला आकृती अशी काढू द्या. डावीकडे खालून सुरुवात करून वर 6 सेंमी, उजवीकडे 2, खाली 4, पुन्हा उजवीकडे 3, खाली 2 आणि डावीकडे 5 सेंमी, की रेघ सुरुवातीला येऊन मिळते. रेघा सहा झाल्या. आता पहिल्या कोपऱ्यावर ठिपका द्या आणि कडेकडेनं बोट फिरवत पेन्सिलची दिशा बदलली तिथे तिथे खूण करा. खुणाही सहाच होतील. बंद आकृतीत जितक्या भुजा तितकेच कोन, त्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत तर मोजणीत काहीतरी सुटलंय एवढं नक्की.

तरी शंका उरली तर कोनमापक काढा. पाच कोन 90 अंशांचे भरतील. सहाव्यालाही मुलं 90 लिहितात, कारण अर्धवर्तुळाकार कोनमापक 180च्या पुढे जात नाही आणि ती बाहेरच्या बाजूचा कोन मोजून मोकळी होतात. आपल्याला हवा आतला, म्हणजे 360 वजा 90, 270 अंशांचा. हा प्रविशाल कोन. बेरीज करा : पाच वेळा 90 म्हणजे 450, अधिक 270, एकूण 720. षटकोनाच्या आंतरकोनांची बेरीज इतकीच असते. भुजांच्या संख्येतून 2 वजा करून 180 नं गुणायचं, की कुठल्याही बहुभुजाची बेरीज निघते. पंचकोन असता तर 540 आली असती.

आता तुमचा कप्पा. तो सुसम षटकोन : सहाही भुजा सारख्या आणि सहाही कोन 120 अंशांचे. नाव देताना फक्त संख्या बघतात, सारखेपणा ही वेगळी अट. आणि ती अट दुहेरी आहे. समभुज चौकोनाच्या भुजा सारख्या असतात, पण कोन सारखे असतीलच असं नाही. आयताचं उलट. दोन्ही अटी एकदम पाळतो तो चौरस. पुस्तकांतला षटकोन बहुतेक वेळा सुसमच छापलेला असतो, म्हणून आपल्या डोक्यात तोच एक बसतो. (माझं चाललं असतं तर निम्मी चित्रं वेडीवाकडी छापली असती.)

चांदणी हात न उचलता काढलीत तर रेघा एकमेकींना छेदतात, तो आपला साधा बहुभुज नव्हे. आतल्या रेघा पुसून नुसती कड ठेवा आणि मोजा : दहा भुजा, दहा कोन, म्हणजे दशकोन. चांदणी नीट प्रमाणात असेल तर टोकांचे पाच कोन 36 अंशांचे आणि आत वळलेले पाच 252 अंशांचे. बेरीज 1440, म्हणजे 8 गुणिले 180. त्या पुसलेल्या रेघांनी मधोमध सुसम पंचकोन झाला होता, त्याचा प्रत्येक कोन 108 अंशांचा. 252 कुठून आले ते आता मुलीलाच शोधू द्या, 360 मधून काय वजा करायचं एवढंच तिला विचारा.