मुलांशिवाय दोघांनीच मोठ्या शहरात दोन-तीन दिवस घालवायचे असतील, तर आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिले आहे की मुले सहा आणि तीन वर्षांची आहेत, थोरल्याच्या जन्मानंतर तुम्ही दोघे एक रात्रही एकटे कुठे राहिलेले नाहीत, आता आजी-आजोबा मुलांना सांभाळायला आनंदाने तयार झाले आहेत आणि एखाद्या मोठ्या शहरात शनिवार-रविवार काढावा असा बेत आहे. एवढ्या थोड्या वेळात काय काय बसवावे ते कळत नाही, मुलांना मागे ठेवून जाताना अपराधी वाटते, आणि दोघांत बोलायला काही उरले असेल का, अशी भीतीही तुम्ही शेवटच्या ओळीत मोकळेपणाने लिहिली आहे. या तिन्ही प्रश्नांतून मी आणि माझी पत्नी गेलो आहोत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा पहिला आणि सर्वांत मोठा आग्रह असा की, एका रात्रीसाठी जाऊ नका. दोन रात्री राहा, मग त्यासाठी एक दिवस रजा काढावी लागली तरी चालेल. शनिवारी जाऊन रविवारी परतायचे म्हटले, तर शनिवारची सकाळ मुलांचे कपडे काढून ठेवण्यात आणि प्रवासात जाते, हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनच्या आधी ताब्यात मिळत नाही, आणि रविवारी अकरा-बाराच्या सुमारास ती सोडावी लागते. म्हणजे दोन दिवसांच्या नावाखाली हाती लागते ती फक्त एक संध्याकाळ. दोन रात्री असल्या की मध्ये एक असा अख्खा दिवस मिळतो, ज्या दिवशी बॅग भरायची नसते, गाडी पकडायची नसते आणि ज्या पलंगावर सकाळी जाग आली त्याच पलंगावर रात्री झोपायचे असते. शिवाय नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हा अनुभव सर्वांचाच आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूच्या डाव्या बाजूचा काही भाग उजव्या बाजूइतका गाढ झोपत नाही, जणू पहाऱ्यावर राहतो. वर्षानुवर्षे मुलांच्या हुंकारासरशी उठलेल्या आईवडिलांना ही पहिली रात्र खर्ची घालावीच लागते, असे धरून चाला. सहलीची बाकी सगळी आखणी त्या मधल्या दिवसासाठी करायची आहे.

आमची पहिली सहल एका रात्रीची होती आणि ती फसली. नऊ ठिकाणांची यादी मी निरनिराळ्या लेखांतून जमवली होती. त्यांपैकी चार ठिकाणे पाहून झाली, एका रांगेत दीड तास गेला, आणि संध्याकाळी कोणत्या स्थानकावर उतरायचे यावरून आम्ही दोघे मेट्रोच्या फलाटावर एकमेकांशी अशा स्वरात बोललो की पुढचा तासभर कोणीच काही बोलले नाही. त्या यादीतले एकही ठिकाण तिला विचारून घेतलेले नव्हते, हे मला घरी परतल्यावर उमगले. दुसऱ्या वेळी आम्ही वेगळ्या रीतीने सुरुवात केली आणि तीच तुम्हाला सुचवतो. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, दोनच गोष्टी लिहायच्या: जी झाली नाही तर सहल अपुरी वाटेल अशी एक, आणि काही झाले तरी नको अशी एक. पत्नीने लिहिले होते, ‘कोणी न उठवता जाग येईपर्यंत झोप’ आणि ‘रांग नको’. मी लिहिले होते, ‘एक प्रत्यक्ष मैफल’ आणि ‘खरेदी नको’. त्या चार ओळींवर आमचे अडीच दिवस उभे राहिले. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर समोरच्याला काय हवे ते आपल्याला ठाऊकच आहे असे वाटते, आणि तिथेच चूक होते, कारण आपल्याला माहीत असलेली आवड बहुधा मुले होण्यापूर्वीची असते.

आता शहराविषयी. थोड्या दिवसांसाठी मोठे शहर निवडण्याचा तुमचा विचार मला योग्य वाटतो, कारण तिथे पाऊस आला, कंटाळा आला किंवा ठरवलेली गोष्ट रद्द झाली, तरी दुसरे काही तरी चालण्याच्या अंतरावर सापडते. मात्र मोठ्या शहरात वेळ सर्वाधिक जातो तो शहरातल्या शहरात फिरण्यात. त्यामुळे ‘अमुक शहर पाहायचे’ असे न ठरवता त्या शहराचा एकच भाग निवडा, जिथे तुमच्या दोन कागदांवरच्या गोष्टी जवळपास असतील, आणि राहायलाही तिथेच जागा घ्या. साधारण चालीने माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो; म्हणून हॉटेलपासून दीड किलोमीटरच्या आत असलेले सगळे वीसेक मिनिटांत पायी गाठता येते, आणि नकाशावर तेवढे वर्तुळ काढून त्यातच राहायचे ठरवले तरी कोणत्याही मोठ्या शहरात दोन दिवस अपुरे पडतात. दूरचे हॉटेल स्वस्त मिळते हे खरे, पण पाऊण तासाच्या अंतरावर राहिलात तर सकाळी बाहेर पडणे, दुपारी विश्रांतीसाठी येणे, पुन्हा जाणे आणि रात्री परतणे यांतच त्या मधल्या दिवसाचे तीन तास संपतात. प्रत्यक्षात मग दुपारी परतायचे टाळले जाते आणि रात्रीपर्यंत दोघेही थकून चिडचिडे होतात. पैसे वाचवायचेच असतील तर खोली लहान घ्या, पण जागा बदलू नका. आणखी एक गोष्ट कामाला येते: कार्यालयांच्या भागातील हॉटेले कामाच्या दिवसांत भरलेली असतात आणि शनिवार-रविवारी तिथले दर अनेकदा उतरतात. मात्र संध्याकाळी तो भाग निर्मनुष्य होतो का, हे आधी पाहून घ्या. बुकिंग करताना लिफ्ट आणि रस्ता यांपासून दूरची, वरच्या मजल्यावरची खोली मिळावी आणि दोन वेगळ्या पलंगांऐवजी एकच मोठा पलंग असावा, असे लेखी कळवावे. सामान चेक-इनच्या आधी आणि चेक-आउटनंतर ठेवून घेतात का, तेही विचारावे, कारण त्यावर पहिली आणि शेवटची दुपार अवलंबून असते.

दिवसाला एकच गोष्ट वेळ ठरवून, आधी तिकीट काढून करावी, याहून अधिक नको. मात्र त्या एका गोष्टीचा वार नीट तपासा. पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद असते, त्याच शहरातले ऑर्से संग्रहालय सोमवारी, तर न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय बुधवारी. न्यूयॉर्कमधल्याच ब्रॉडवेवरील बहुतेक नाट्यगृहांची सुटी सोमवारी असते. तुम्ही कोणतेही शहर निवडा, असा एखादा वार आड येऊ शकतो, आणि रजेचा दिवस शुक्रवारी घ्यावा की सोमवारी, हे त्यावरूनच ठरवावे. अनेक मोठी संग्रहालये आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असतात. त्या वेळी शाळांच्या सहली आणि लहान मुलांची कुटुंबे नसतात, आणि तुम्हालाही पहिल्यांदाच कोणाच्या झोपेची वेळ सांभाळायची नसते, म्हणून ती वेळ मला दोघांसाठी फार सुंदर वाटते. तरीही दोन तासांत बाहेर पडा. संग्रहालयात येणाऱ्या थकव्याविषयी बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन आयव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्येच लेख लिहिला होता आणि वस्तू पाहण्यासाठी प्रेक्षकाला कसे सतत वाकावे व ताणावे लागते ते छायाचित्रांनी दाखवले होते. सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरला की उरलेली संध्याकाळ पायांना द्यावी लागते.

ठरवलेल्या गोष्टींपैकी एक तरी दोघांसाठीही नवी असावी, असे मी आग्रहाने सांगेन. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जोडप्यांना केवळ सात मिनिटांचे एक विचित्र काम दिले होते: मनगटे आणि घोटे एकमेकांशी बांधलेल्या स्थितीत, हातांचा उपयोग न करता एक उशी अडथळ्यापलीकडे न्यायची. संथ, कंटाळवाणे काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा या जोडप्यांना नंतर आपल्या नात्याविषयी अधिक समाधान वाटले. नौका वल्हवणे, एखादे नृत्य शिकण्याचा तासाभराचा वर्ग, कुंभाराच्या चाकावर बसणे, काहीही चालेल; ज्यात एक जण तरबेज आणि दुसरा नवखा नाही, एवढेच पाहावे.

बाकीचा वेळ मोकळा ठेवा, विशेषतः दुपार. दुपारी खोलीवर परतून पडदे ओढून झोपणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे असे मनात आले, तर घरी ही गोष्ट शेवटची केव्हा शक्य झाली होती ते आठवा.

आता मुलांविषयी, कारण तुमचे मन तिथे अडकले तर शहर कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. शक्य असेल तर आजी-आजोबांनाच तुमच्या घरी बोलवा; मुलांचे अंथरूण, खेळणी आणि दिनक्रम तोच राहिला की अर्धे काम होते. जाण्याच्या महिनाभर आधी एखाद्या रात्री तुम्ही जवळच कुठे तरी राहून रंगीत तालीम करून पाहा. सहा वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगता येईल, पण तीन वर्षांच्या मुलाला ‘शुक्रवार ते रविवार’ हे कळत नाही. त्याला एक-दोन दिवस आधी, ‘दोनदा झोपून उठलास की आम्ही येऊ’ असे सांगावे आणि दोन कागदी फुले भिंतीवर लावून रोज सकाळी एक काढायला द्यावे. ते खेळात रमले असताना गुपचूप निघून जाण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो कृपया मानू नका. निरोप घेताना होणारे रडणे बहुधा थोड्या वेळात थांबते. आईबाबा न सांगता नाहीसे होऊ शकतात हे एकदा मुलाला कळले, की नंतर तुम्ही नुसते दुसऱ्या खोलीत गेलात तरी ते पाय धरून बसते.

आजी-आजोबांसाठी एका कागदावर डॉक्टरांचा क्रमांक, कशाची अ‍ॅलर्जी आहे, नेहमीच्या औषधांची मात्रा आणि प्रत्येक मुलाचे ताजे वजन लिहून ठेवा, कारण तापाच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरते आणि रात्री दोन वाजता ते कोणालाच आठवत नाही. फोन दिवसातून एकदा, सकाळी न्याहारीनंतर करावा. झोपण्यापूर्वीचा व्हिडिओ कॉल लहान मुलाला शांत करण्याऐवजी अनेकदा रडवतो, असा आमचा अनुभव आहे. तो करावा की नाही हे तिथे असलेल्या आजीला ठरवू द्या. हॉटेलचे बुकिंग मात्र शेवटच्या एक-दोन दिवसांपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच घ्या, थोडे महाग पडले तरी. निघण्याच्या आदल्या रात्री मुलाला चांगला ताप आला, तर जाऊ नये. पैसे अडकल्यामुळे जड मनाने गेलेले दोघे तिथे फक्त फोनकडे पाहत बसतात.

राहिली तुमची शेवटची भीती. पहिल्या संध्याकाळी तुम्ही मुलांविषयीच बोलाल, आणि त्यात काहीही गैर नाही. ‘आज मुलांचा विषय नाही’ असा नियम करू नका, कारण तो मोडला की उगाच हरल्यासारखे वाटते. त्या संध्याकाळी कदाचित दोघांनाही नुसती झोप येईल. तीही येऊ द्या. आम्हाला वेळ लागला तो मधल्या दिवसाच्या दुपारपर्यंत. आम्ही नदीकाठच्या एका बाकावर बसलो होतो, बराच वेळ कोणी काही बोलत नव्हते, आणि ती शांतता टोचत नाही हे मला हळूहळू जाणवत होते. मग पत्नीने विचारले, ‘तू पुन्हा तबला का सुरू करत नाहीस?’ थोरलीच्या जन्मानंतर मी तबल्यावरचे कापड काढलेले नव्हते आणि ते तिच्या लक्षात आले आहे, याची मला कल्पनाही नव्हती. अंधार पडेपर्यंत आम्ही त्याच बाकावर होतो, आणि रात्रीच्या मैफलीला पहिली वीस मिनिटे उशिरा पोहोचलो.